साधकाची काळोखी वाट आणि वाटाड्या

घरातले एखादे माणूस अचानक बदलले, अन्नपाणी टाकून देवापुढे बसू लागले, एकटेच रडू-हसू लागले, की आपल्या जुन्या कुटुंबांतून दोनच निदाने होत असत. एक 'वेड लागले' आणि दुसरे 'अंगात आले'. पहिल्या निदानामागून दाराला कडी लागे आणि दुसऱ्यामागून नमस्काराला रांग लागे. त्या माणसाला नेमके काय होत आहे, हे त्यालाच विचारावे, असे मात्र क्वचितच कोणाला सुचे.

आमच्या घरीही हे घडले. १९६९ च्या सुमारास बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या आमच्या आत्यांचे तान्हे मूल गेले. त्यानंतर काही महिन्यांनी त्या पहाटे उठून तुळशीपुढे बसू लागल्या. गात असत, गाता गाता मध्येच थांबत आणि तासन्‌तास उघड्या डोळ्यांनी स्तब्ध राहत. वडीलधाऱ्यांनी आधी दुर्लक्ष केले, मग दटावले, शेवटी माजघरामागच्या खोलीत त्यांना कोंडले आणि एका मांत्रिकाला बोलावले. आम्ही तेव्हा नऊ वर्षांचे होतो. जेवणाचे ताट त्या खोलीत नेऊन ठेवण्याचे काम आमच्याकडे होते. वर्षभराने आत्या 'बऱ्या' झाल्या, सासरी गेल्या आणि त्यांनी नेटका संसार केला. पण त्यांना गाताना आम्ही पुन्हा कधी ऐकले नाही.

सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर संतचरित्रे सवडीने वाचण्याचा योग आला, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या वडीलधाऱ्यांना जे कळले नाही, ते आपल्या परंपरेला तीन-चारशे वर्षांपूर्वी चांगले ठाऊक होते. अंतरीची जागृती ही केवळ आनंदाची गोष्ट नसते, तीत माणूस मोडूनही पडू शकतो, आणि अशा वेळी जवळ कोण उभे आहे यावर पुढचे बरेचसे अवलंबून असते, हे आपल्या संतांनी स्वानुभवाने लिहून ठेवले आहे. त्या नोंदींकडे इतिहास म्हणून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या नोंदींत अग्रस्थान द्यावे लागते ते संत बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनाला. येथे खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी अभिप्रेत नाहीत. तुकोबांच्या शिष्या, सतराव्या शतकातल्या बहिणाबाई अभिप्रेत आहेत. त्यांचा जन्म १६२८ च्या सुमारास वेरूळजवळच्या देवगावी एका कुलकर्ण्यांच्या घरात झाला आणि निर्याण १७०० मध्ये. मराठीत एखाद्या स्त्रीने स्वतःची जीवनकथा स्वतः सांगावी, याचे इतके जुने आणि इतके सविस्तर उदाहरण दुसरे सहसा आढळत नाही. जस्टिन अ‍ॅबट यांनी तिचे इंग्रजी भाषांतर १९२९ मध्ये प्रसिद्ध केले, त्यामुळे परदेशी अभ्यासकांनाही ती परिचित झाली. आपल्याकडे मात्र बहिणाबाई म्हटले की गुरुपरंपरेचा तो एक प्रसिद्ध अभंग तेवढा आठवतो आणि आत्मनिवेदन बाजूला राहते.

नकळत्या वयात त्यांचे लग्न तिशीतल्या बिजवराशी झाले. भाऊबंदकीच्या आणि कर्जाच्या कटकटींपायी माहेरचे सारे कुटुंब जावयासह गाव सोडून निघाले. पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर अशी भटकंती करीत ते कोल्हापुरास आले आणि बहिरंभट नावाच्या एका ब्राह्मणाच्या आश्रयाने राहिले. बहिणाबाई तेव्हा जेमतेम अकरा-बारा वर्षांच्या होत्या. बहिरंभटांना दानात मिळालेली एक कपिला गाय वासरासह या कुटुंबाकडे आली. त्या वासराचा या मुलीला असा लळा लागला की ती जिथे जाईल तिथे ते मागे जाई. जयरामस्वामींच्या कीर्तनालाही ते तिच्याबरोबर जात असे. एकदा गर्दीत वासराला बाहेर काढले, तेव्हा आत ही मुलगी आणि बाहेर ते वासरू, दोघेही व्याकूळ झाले. स्वामींनी वासराला आत आणवले आणि दोघांच्या मस्तकावर हात ठेवला. हा प्रकार कोणीतरी पतीच्या कानावर घातला. वेदपाठी, मानी आणि तापट पतीने भर वस्तीत तिला मारहाण केली आणि बांधून घातले. गाय-वासराने चारापाणी सोडले. पुढे ते वासरू गेले आणि बहिणाबाई काही दिवस बेशुद्ध पडून राहिल्या.

त्या मूर्च्छेच्या आगेमागे त्यांना पांडुरंगाचे आणि तुकोबांचे दर्शन झाले आणि स्वप्नात तुकोबांकडून मंत्रोपदेश मिळाला, असे त्या सांगतात. तुकोबांना त्यांनी तोवर पाहिलेले नव्हते. त्यांचे अभंग तेवढे जयरामस्वामींच्या कीर्तनातून कानी पडले होते. आजचा मानसशास्त्रज्ञ या ठिकाणी बालविवाह, विस्थापन, मारहाण आणि जिवलग प्राण्याचा मृत्यू या घटना एकापुढे एक मांडील. ते चुकीचे होणार नाही. भाविक वाचक तेथे गुरुकृपा पाहील. बहिणाबाईंच्या निवेदनाचे मोठेपण असे की त्यांनी या दोहोंपैकी काहीच लपवलेले नाही. मारही सांगितला आहे आणि दर्शनही सांगितले आहे.

आम्हाला त्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते दर्शनानंतरचे वर्णन. दर्शन झाले आणि सगळे सुरळीत झाले, असे घडले नाही. उलट अडचणी वाढल्या. ही मुलगी कोणी विलक्षण आहे म्हणून लोक तिला पाहायला येऊ लागले. पती अधिकच संतापला. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू मानावे हे त्याला सहन होणारे नव्हते, आणि तिच्यापुढे आपल्याला कोण विचारणार, हा सलही मनात होता. इकडे बहिणाबाईंच्या मनात पतिधर्म आणि भक्ती यांची ओढाताण सुरू झाली. शास्त्र सांगते पती हाच देव, आणि अंतःकरण धावते पंढरीकडे. या कोंडीत आयुष्य नकोसे झाल्याची भावनाही त्यांच्या निवेदनातून डोकावते. जागृती झालेल्या माणसाचे खरे हाल जागृतीनंतर सुरू होतात, कारण आतले जग पालटलेले असते आणि बाहेरचे जसेच्या तसे असते.

मग त्या सावरल्या कशा? चरित्रात याचे उत्तर चमत्कारापेक्षा माणसांच्या वागण्यात अधिक सापडते. जयरामस्वामींनी पतीची भेट घेऊन, ही मुलगी योगभ्रष्ट आहे, हिला छळू नका, असे समजावले. 'योगभ्रष्ट' हा शब्द गीतेतल्या कल्पनेचा. पूर्वजन्मीची साधना अपुरी राहिलेला जीव. त्या काळच्या भाषेत त्यांनी केलेले ते निदान होते, आणि त्या निदानामुळे 'वेडी' आणि 'बिघडलेली' या दोन्ही शिक्क्यांवाचून तिला जागा मिळाली. पुढे पती घर सोडून जाण्याच्या बेतात असता आजारी पडला. बहिणाबाईंनी महिनाभर त्याची शुश्रूषा केली. त्या दुखण्यात त्याचे मन पालटले आणि दोघे देहूस आले. तेथे मंबाजीने त्यांना छळले, तरी तुकोबांच्या सहवासात कीर्तन आणि प्रपंच असा रोजचा नियम बसला. बहिणाबाईंना मुले झाली, पतीबरोबरचा संसारही झाला. वज्रसूची या ग्रंथाच्या आधारे खरा ब्राह्मण कोण, याचा विचार त्यांनी अभंगांतून मांडला. अकराव्या वर्षी बांधून घातलेल्या मुलीचा हा पुढचा प्रवास आहे.

बहिणाबाईंनी ज्यांना गुरू मानले, ते तुकोबाही याच वाटेने गेलेले होते. १६३० च्या आसपासच्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दुकान बुडाले. आईवडील आधीच गेले होते. पुढे त्यांनी वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांत धरला. त्यांच्या अभंगांत शांतीची वचने जितकी आहेत, तितकीच तळमळीची, स्वतःच्या दांभिकपणाच्या शंकेची आणि देवाशी उघड भांडणाची आहेत. आपल्यापुरता देव उरला नाही, असे म्हणण्यापर्यंत त्यांची मजल जाते. भाविक श्रोते अशा अभंगांपाशी बिचकतात आणि कीर्तनकार ते लवकर उरकून पुढे जातात.

या अभंगांना साधनेच्या वाटेवरचा एक टप्पा म्हणून पद्धतशीरपणे मांडण्याचे काम आपल्या सीमाभागाशी निगडित असलेल्या एका तत्त्वज्ञाने केले, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. गुरुदेव रा. द. रानडे यांचा जन्म ३ जुलै १८८६ रोजी जमखंडीस झाला. १९०१ मध्ये, शाळकरी वयात, त्यांना उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून नाम मिळाले. पुढे ते अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि विजापूर जिल्ह्यातल्या निंबाळ येथे ६ जून १९५७ रोजी त्यांनी देह ठेवला. 'मिस्टिसिझम इन महाराष्ट्र' या १९३३ च्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी तुकोबांच्या तळमळीच्या अभंगांना 'आत्म्याची काळोखी रात्र' या संज्ञेखाली एकत्र केले. ही संज्ञा सोळाव्या शतकातले स्पॅनिश साधू जॉन ऑफ द क्रॉस यांची. त्यांच्याच पंथबंधूंनी १५७७ मध्ये त्यांना टोलेडो येथे कोठडीत डांबले होते आणि त्या बंदिवासातून पुढे त्यांचे काव्य आणि त्यावरील विवेचन आले. देहूचा वाणी आणि स्पेनचा संन्यासी यांची एकमेकांना वार्ताही नव्हती. तरीही दोघांनी एकाच अंधाराचे वर्णन केले, हे रानड्यांनी दाखवून दिले. साधकाला धीर देणारी अशी दुसरी गोष्ट नाही. आपण एकटेच या खड्ड्यात पडलो आहोत, ही समजूतच त्या अवस्थेतली सर्वांत मोठी यातना असते.

आता प्रश्न मार्गदर्शनाचा. तुकोबांनाही गुरू स्वप्नात भेटले, बाबाजी चैतन्य. पण त्या एका स्वप्नावर ते विसंबून राहिले नाहीत. त्यांनी भंगलेले विठ्ठलमंदिर सावरले, इतरांच्या कीर्तनात मागे उभे राहून ध्रुपद धरले, पूर्वीच्या संतांची वचने आदराने पाठ केली. म्हणजे हाताला काम, गळ्याला सूर, मनाला आधीच्या वाटसरूंची सोबत. ज्याला आपण वारकरी पंथ म्हणतो, तो या दृष्टीने पाहिला तर एकट्या पडलेल्या साधकाला माणसांत ठेवणारी मोठी व्यवस्थाच आहे.

मार्गदर्शक नेमके काय करतो, याचे सुरेख चित्र एकनाथांच्या कथेत आहे. जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते आणि कोवळे एकनाथ त्यांच्याकडे हिशेबाचे काम पाहत. एका रात्री एका पैचा मेळ लागेना. नाथ दिवा लावून बसले. पहाटे चूक सापडली, तेव्हा आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. स्वामींनी ते पाहिले आणि म्हणाले, एका पैची चूक सापडल्याने एवढा आनंद, तर संसाराची मोठी चूक सापडेल तेव्हा किती होईल! आम्ही अनेक वर्षे खतावण्या आणि तपासणी अहवाल हाताळले, म्हणून असेल कदाचित, पण ही कथा आम्हाला फार जवळची वाटते. स्वामींनी शिष्याची एकाग्रता आधी त्याच्या नित्याच्या कामात पारखली. मग शूलिभंजनाच्या डोंगरावर अनुष्ठानाला पाठवले, मग तीर्थयात्रेला. आणि शेवटी आज्ञा केली ती पैठणास राहून विवाह करण्याची. साधनेचा कस उतरलेल्या शिष्याला त्यांनी गुहेत न ठेवता घरी पाठवले. नाथांचे पुढचे सारे कार्य त्या घरातून झाले.

नामदेवांची कथा अधिक कठोर आहे. गोरोबा कुंभारांनी थापटी घेऊन संतांची डोकी मडक्यांसारखी तपासली आणि नामदेवांना कच्चे ठरवले. प्रत्यक्ष विठ्ठलाशी बोलणारा भक्त, आणि त्याला कच्चे मडके म्हणावे! नामदेव रडत देवाकडे गेले. देवाने त्यांना विसोबा खेचरांकडे धाडले. या कथेचा मथितार्थ असा की दर्शन होणे आणि परिपक्व होणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर ज्याचे त्याला दिसत नाही. अनुभव आलेल्या माणसाला खिन्नतेइतकाच धोका अहंकाराचा असतो. ज्याच्यापुढे रांग लागते, त्याला तू अजून कच्चा आहेस असे म्हणणारा कोणीतरी हवा. गोरोबा आणि विसोबा यांनी ते काम केले, आणि पुढे पंजाबपर्यंत गेलेले नामदेव त्यातून घडले.

येथे वाचक विचारतील की वाटाड्या हवा हे खरे, पण वाटमारे काय थोडे आहेत? परंपरेला याचीही जाणीव होती. रामदासांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरूची लक्षणे सांगताना चमत्कार दाखवणारे आणि शिष्याच्या भरवशावर जगणारे यांना वेगळे काढले आहे. तुकोबांनीही ढोंगी गुरूंचा समाचार घेतला आहे. बहिणाबाईंच्या चरित्रातला मंबाजीच पाहा. तो देहूतला मानला गेलेला माणूस. बहिणाबाईंनी आपले शिष्यत्व घ्यावे अशी त्याची इच्छा होती आणि नकार मिळताच त्याने छळ सुरू केला. जयरामस्वामी आणि मंबाजी यांच्यातला फरक आम्हाला कसोटीसारखा वाटतो. एकाने संकटातल्या मुलीसाठी दुसऱ्याशी बोलणे केले आणि तिच्याकडून काही मागितले नाही. दुसऱ्याला ती आपल्या ताब्यात हवी होती. जो मार्गदर्शक घरच्यांपासून तोडतो, पैसा किंवा देह मागतो, शंका विचारू देत नाही आणि औषध बंद करायला सांगतो, तो कितीही विद्वान असला तरी मंबाजीच्या पंगतीतला समजावा.

औषधाचा उल्लेख मुद्दाम केला. कारण सर्व तळमळ ही साधनेची नसते. मनाचे आजार असतात, आणि ते देहाच्या आजारांइतकेच खरे असतात. या बाबतीत आपल्या भक्तीच्या अज्ञानाने माणसे मारली आहेत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी येथे, एका दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या निवाऱ्यात आग लागली. बरे होण्यासाठी तेथे आणून ठेवलेले मनोरुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते, त्यामुळे त्यांना पळता आले नाही. २८ जण मृत्युमुखी पडले. ही एका धर्माची गोष्ट नाही. तशी ठिकाणे सर्व धर्मांच्या आडोशाने उभी होती. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली. बहिणाबाईंना बांधले त्याला तोवर पावणेचारशे वर्षे होत आली होती.

दुसऱ्या बाजूने वैद्यकशास्त्रही काहीसे पुढे सरकले आहे. स्टॅनिस्लाव्ह आणि क्रिस्टिना ग्रोफ या दांपत्याने आध्यात्मिक जागृतीच्या ओघात येणाऱ्या मानसिक अरिष्टाचा विचार मांडला आणि १९८९ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४ च्या आपल्या निदानसूचीत 'धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या' असा स्वतंत्र वर्ग घातला, तोही मनोविकारांच्या यादीबाहेर ठेवून. म्हणजे श्रद्धेच्या उलथापालथीने हैराण होऊन आलेला प्रत्येक माणूस मनोरुग्णच असतो असे नाही, हे त्या शास्त्राने मान्य केले. जयरामस्वामींनी कोल्हापुरात जी जागा त्या मुलीसाठी आपल्या भाषेत मोकळी केली, तीच येथे दुसऱ्या भाषेत मोकळी झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

व्यवहारात याचा अर्थ साधा आहे. झोप उडाली, जेवण सुटले, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली, तर आधी डॉक्टरांकडे जावे. त्यात देवाचा अपमान नाही. आणि डॉक्टरांकडे जात असतानाही, त्या माणसाला काय दिसले, काय ऐकू आले, कशाची ओढ लागली, हे न हसता ऐकणारे कोणीतरी घरात किंवा मंडळात असावे. औषध आणि वाटाड्या ही एकमेकांची पर्यायी व्यवस्था नव्हे. दोहोंची कामे निरनिराळी आहेत.

आपण मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मूळ प्रांतापासून दूर राहिलो. बेळगाव असो, इंदूर असो वा बडोदे, आपण गाथा आणि ज्ञानेश्वरी बरोबर नेली, एकादशीची भजने चालू ठेवली. पण गाथेतले काळोखाचे अभंग ज्याच्यावर बेतले आहेत असा माणूस आपल्याच माजघरात बसला असेल, हे ओळखण्याची दृष्टी आपण बरोबर नेली का, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही.

२००९ मध्ये आत्या पासष्टीच्या होत्या. एका दुपारी आम्ही धीर करून त्यांना विचारले, त्या पहाटे तुळशीपुढे काय होत असे. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भीती वाटायची रे, आणि सोडवतही नव्हतं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "चाळीस वर्षांत हे विचारणारा तू पहिलाच." एवढे बोलून त्या चहा ठेवायला आत गेल्या. त्यानंतर काही वर्षांनी त्या निवर्तल्या. नऊ वर्षांच्या मुलाकडून त्या वेळी ताट ठेवण्यापलीकडे काही होणे शक्य नव्हते. पण मध्यंतरीच्या चाळीस वर्षांत आम्हीही विचारले नाही, ही चूक आमचीच. ज्यांच्या घरी असे कोणी असेल, त्यांनी इतका उशीर करू नये.